सालगी जिवंत आहे, लोदरोला विचारा

प्रिसिला मोबाईल डोक्यावर धरून सालगीच्या घरभर फिरत होती. ओसरी झाली, चूल झाली, कोंबड्यांचा खुराडाही झाला, पण नेटवर्कचा पत्ता नव्हता. पूर्वी चिंचेखाली मिळायचं. ते गेल्या वादळानंतर जे गेलं ते गेलंच.

"आजी, पाचला रेशनची यादी बंद होणार," प्रिसिला घायकुतीला येऊन म्हणाली. "मग तू कायमची मेलीस."

"तीन महिने मेलेलीच आहे की," सालगी पत्रावळ टाचत म्हणाली. "मेल्याचं काही नाही गं. तांदूळ कशाला बंद केला मेल्यांनी?"

झालं होतं असं. खुंटी जिल्ह्यातल्या त्या मुंडा आदिवासींच्या वस्तीत वर्षापूर्वी एक सर्वेवाला आला होता. त्याच्या कागदावर या घरात नवरा-बायको दोन माणसं होती आणि त्यातलं एक वारलं होतं. कोण, ते लिहायचं राहिलं होतं. त्यानं दारातल्या बाईला विचारलं, "लोदरो मुंडा कुठे आहे?" सालगी म्हणाली, "आत आहे. तो बाहेर येत नाही." यात खोटं काय होतं? लोदरो जाऊन अकरा वर्षं झालेली. रीतीप्रमाणे हाका मारून त्याची सावली घरी आणली होती आणि आदिंगात बसवली होती. आदिंग म्हणजे घराची आतली काळोखी खोली, पूर्वजांची. तिथं बाहेरच्यानं पाऊल टाकायचं नाही. रोज शिजल्या भाताचा पहिला घास तिथं जायचा. सर्वेवाल्याला वाटलं, म्हातारा अंथरुणाला खिळलाय आणि दारातली ही कुणी शेजारीण आहे. त्यानं लोदरोला जिवंत ठेवलं आणि सालगीला मारून टाकलं. तीन महिन्यांपूर्वी ते यादीवर चढलं तेव्हा तिचा तांदूळ बंद झाला, आणि लोदरोचा घ्यायला त्याचाच अंगठा लागे.

ती तीनदा तालुक्याला जाऊन आली. साल झाडाची पानं टाचून टाचून अंगठे असे गुळगुळीत झालेले, की मशीनला त्यात माणूसच सापडेना. आता फोनला चेहरा दाखवण्याचा एकच मार्ग उरला होता. म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवायला नेमलेली प्रिसिला त्यासाठीच चौदा किलोमीटर सायकल मारून आली होती.

"मिळालं!" ती एकदम ओरडली आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. नेटवर्क आदिंगाच्या उंबऱ्यावर आलं होतं. हात आत घातला की चार काड्या, बाहेर काढला की शून्य.

प्रिसिला टोपनो या दुसऱ्या कुळातली, त्यात चर्चला जाणारी. पण मुंडाचीच पोर. पाय आत टाकायचा नाही हे तिला सांगावं लागलं नाही.

"आजी, तुलाच जावं लागेल. मी इथून सांगते. दोन नावं दिसतील, खालचं तुझं. ते दाब."

सालगी ढिबरीचा दिवा पेटवून वाकून आत गेली. आत धुराचा, जुन्या भाताचा वास होता. तिनं खालचं नाव दाबलं. ते राखेसारखं करडं होतं, हूं की चूं करेना.

"दबत नाही गं!"

"मेलेल्याचं दबत नसेल. वरचं हिरवं दाबून बघ!"

तिनं हिरवं दाबलं. पडद्यावर गोल आला आणि फोनमधली बाई हिंदीत बोलू लागली. बाजारापुरतं हिंदी सालगीला कळायचं.

"चेहरा गोलात आणा," बाई म्हणाली. सालगीनं आणला. "एका वेळी एकच व्यक्ती उभी राहावी."

सालगीनं मागं पाहिलं. मडकी होती, सकाळचा घास होता. बाकी काळोख.

"एकटीच आहे मी," ती फोनला म्हणाली.

"एका वेळी एकच व्यक्ती."

"आजी, कोण आहे आत?" बाहेरून प्रिसिलाचा आवाज जरा बारीक झाला होता.

"कोण असणार? तोच. सरक रे जरा, काम आहे माझं!"

"डोळे मिटा," बाई म्हणाली. सालगीनं गच्च मिटले. आता उघडा म्हणेल म्हणून वाट पाहत राहिली.

"डोळे उघडले. धन्यवाद," बाई म्हणाली.

सालगीचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिच्या मानेवरून गार वारा गेला. त्या खोलीला खिडकी नव्हती.

तिनं हात लांब करून फोन उंबऱ्यापाशी धरला. प्रिसिलानं वाकून वाचलं, 'लोदरो मुंडा. जिवंत असल्याची खात्री झाली.' खाली फोटो होता. बराचसा धूरच. प्रिसिला या वस्तीत यायला लागली ती चार वर्षांपूर्वी. लोदरोला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "आजोबांचा डावा कान फाटलेला होता का?"

"अस्वलानं ओढला होता. का?"

प्रिसिला उंबऱ्यापासून मागं सरकली.

सालगीला मात्र भीतीआधी रागच आला. त्यांचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता, जत्रेतला. त्यात लोदरो छाती काढून पुढं उभा आणि त्याच्यामागून सालगीचा फक्त अर्धा अंबाडा दिसतो. "मेल्यावरही पुढं पुढं!" ती काळोखाला म्हणाली. "अकरा वर्षं पहिला घास तुला दिला रे. तीन महिने तो दुसऱ्याच्या चुलीवरून मागून आणला. आज तरी फोटोत मला दिसू दे!"

आत काहीच हललं नाही. ढिबरीची ज्योतही नाही.

पाच वाजायला चार मिनिटं होती. फोन पुन्हा बोलू लागला. "मृत दाखवलेली व्यक्ती जिवंत असल्यास, कुटुंबातील जिवंत सदस्याने तिच्यासोबत चेहरा दाखवून ओळख पटवावी."

"संपलं," प्रिसिला रडवेली झाली. "जिवंत सदस्य आणायचा कुठून?"

"आहे की," सालगी म्हणाली. आत्ताच सरकारनं सांगितलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि फोन समोर धरला. "ये. पण मागं उभा राहा."

गोल फिरत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुद्दाम वेळ लावत होता, जिवंतपणी जेवायला बोलावल्यावर लावायचा तसाच.

"दोन चेहरे मिळाले," बाई म्हणाली. "धन्यवाद."

खालचं करडं नाव हिरवं झालं.

सालगी बाहेर आली तेव्हा प्रिसिला सायकलपाशी उभी होती, घरापासून चांगली वीस पावलांवर. सालगी तिच्यापर्यंत गेली तेव्हा तिनं हात लांब करून फोन घेतला. फोटोत सालगी होती, अख्खी, दोन्ही कानांसकट, छाती काढून. तिच्या मागं, अगदी कडेला, अंग चोरून उभा राहिल्यासारखा एक फाटका कान तेवढा दिसत होता.

सालगीनं फोन परत आपल्याकडे ओढून घेतला.

"पोरी, याचा कागदावर फोटो निघतो का गं?" तिनं विचारलं. "जत्रेतल्याच्या शेजारी लावीन म्हणते."