शाबासकीचा खजूर

खानोलकरांनी मला पहिल्यांदा शिट्टी मारली ती लिफ्टचं दार धरून ठेवल्याबद्दल. गळ्यातली शिट्टी एकदाच, आखूड वाजवली आणि खिशातून खजूर काढून माझ्या हातावर ठेवला. मी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या कंपनीत सीनियर मॅनेजर, आणि हा शेजारी मला शाबासकी देत होता! खजूर मात्र उत्तम होता.

शारजात, अल मजाजला, आमची दारं समोरासमोर. गृहस्थ मूळचे मालवणचे. सतरा वर्षं परदेशातल्या एका पार्कात किलर व्हेलचे ट्रेनर होते. दुबईत तसाच पार्क निघणार म्हणून बोलावणं आलं, टाकीसाठी खड्डा खणून झाला आणि मंदी आली. प्रोजेक्ट खलास. तेव्हापासून ते जबल अलीच्या एका गोदामात सेफ्टी सुपरवायझर. तिथेही फोर्कलिफ्ट नीट लावली की शिट्टी आणि खजूर. पठाण ड्रायव्हर त्यांना ‘मछली साब’ म्हणत. “अहो, मासा नव्हे तो, सस्तन प्राणी!” हे सांगून सांगून ते थकले होते.

चूक झाली तर ओरडणं नाही. तीन सेकंद नुसता कोरा चेहरा. “चुकीला काही द्यायचं नाही, रागसुद्धा नाही,” असं म्हणायचे. वहिनींची तक्रार वेगळी. “सव्वीस वर्षांत एक धड भांडण नाही हो! मी तासभर बोलते, हे तीन सेकंद गप्प बसतात आणि विचारतात, चहा टाकू?”

मंडळाच्या दिवाळी अंकात माझी एक कविता छापून आली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आपल्या आठवणींची वही मला तपासायला दिली. दोनशे बारा पानं. त्यातली चाळीस नुसती गोठलेली मासळी कशी सोडवावी यावर! पण त्यांच्या लाडक्या व्हेलवर लिहिताना माणूस खुलायचा. पार्कातलं तिचं नाव काहीतरी भारदस्त होतं. हे तिला ‘बायो’ म्हणत. बायोला पिल्लू झालं, ते तीन वर्षांचं झालं, आणि तिथे वही संपत होती. पुढे कोरी पानं.

“पुढे काय झालं?” मी विचारलं.

तीन सेकंद कोरा चेहरा. “चहा टाकू?”

मग मंदी आमच्याही ऑफिसात पोचली. अर्धा मजला रिकामा झाला. बायको आणि मुलगी पुण्याला जातील, मी शेअरिंगच्या खोलीत चौघांबरोबर राहीन, असं ठरलं. नऊ वर्षांच्या ईराला मात्र आम्ही ‘समर व्हेकेशन’ सांगितलं. सगळेच तसं सांगत होते.

खानोलकर वही न्यायला आले, तेव्हा ती बॅग भरत होती.

“बाबा, वी आर कमिंग बॅक, राइट?”

“ऑफ कोर्स! इन्शाल्ला.”

“ओके,” म्हणून तिने सगळी खेळणी शहाण्यासारखी खोक्यात रचली आणि शिट्टीसाठी खानोलकरांकडे पाहिलं. त्यांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि खाली सोडली. मग मला दंडाला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं.

“बायोला बाजूच्या टाकीत मी बोलावलं,” ते म्हणाले. “ती लगेच आली. मी शिट्टी वाजवली, म्हणजे शाबास. मागे गेट बंद झालं. पिल्लू पलीकडे राहिलं, ते दुसऱ्या पार्कात गेलं. चार दिवस ती गेटाकडे तोंड करून हाका मारत होती. पाचव्या दिवशी मी बोलावलं, तर आली हो माझ्याकडे! तेच मला सहन होत नाही.”

मी उघड्या दारातून ईराच्या खोक्याकडे पाहिलं.

“मला तिला सांगता येत नव्हतं. तुम्हाला तर बोलता येतं ना?”

मी आत जाऊन ईराला खरं सांगितलं. ती तासभर रडली, मला मारलंसुद्धा. मग कुशीत शिरून विचारलं, “तू कधी येणार?” मी म्हटलं, “माहीत नाही गं.” इतक्या वर्षांत तिने मला मराठीत विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

त्या दोघी गेल्यावर आठवड्याने खानोलकर वही घेऊन आले. दोनशे तेराव्या पानावर एकच ओळ होती: ‘बायो, त्या दिवशी मी तुला फसवून बोलावलं.’

“बरोबर आहे का बघा,” म्हणाले, आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर बसले.

मी ती ओळ दोनदा वाचली. ईरासाठी त्यांनीच दिलेली खजुराची पिशवी टेबलावर राहिली होती. त्यातला एक काढून मी त्यांच्या हातावर ठेवला. तो न खाता, मुठीत घट्ट धरून ते चहा निवेपर्यंत बसून राहिले.