तांबडी पट्टी

शेंडा बत्तीस सेंटिमीटरचा निघाला. ओलुफ थोरूप यांच्या मते नाताळच्या झाडाचा शेंडा वर्षाला तीस सेंटिमीटर वाढावा. अठ्ठावीस म्हणजे आळस, बत्तीस म्हणजे उद्दामपणा. वरच्याने कुठे थांबायचं हे वेळेवर ठरलं नाही तर खालच्यांचा आकार बिघडतो, हे सत्य ते गेली पन्नास वर्षं जटलंड प्रांतभर सांगत आले होते. (झाडांविषयी.)

त्यांच्या मुलीचं, बिर्गिटचं, मळ्यातलं पद ‘पुढची मालकीण’ असं होतं. हे पद तिने अकरा वर्षं निष्ठेने सांभाळलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी ओलुफनी जाहीर केलं होतं, “यंदा लावलेली रोपं तोडून निघाली की मळा तुझा.” झाड तयार व्हायला दहा वर्षं लागतात. पुढच्या वसंतात नवी रोपं आली, वचनही नवं झालं. अशा रीतीने निवृत्ती कायम दहा वर्षांवर राहिली. एक दिवस पुढे नाही, एक दिवस मागे नाही. एवढी अचूकता हवामान खात्यालाही साधलेली नाही.

दर वर्षी कारणही दिलं जाई. बिर्गिटच्या नोंदीनुसार: उशिराचा थंडीचा कडाका चार वेळा, शेंड्यावर बसून तो मोडणारे कावळे तीन वेळा, मावा दोनदा, सरकार एकदा. एका वर्षी हंगाम इतका उत्तम झाला की कारण सापडेना. तेव्हा चांगलं चाललेलं कशाला बदला, असं ठरलं.

सप्टेंबरात झाडांना दर्जा लिहिलेल्या पट्ट्या बांधायचं काम निघालं. हिरवी पट्टी घरगुती उंचीला. तांबडी पट्टी म्हणजे यंदाच तोडा, पुढच्या वर्षी कुणाच्या घरात मावणार नाही. त्याहून वाढलेलं झाड गावच्या चौकात जातं, आणि त्याहूनही वाढलेलं भुसा होऊन बंबात. एकदा बांधलेली पट्टी सोडायची नाही, हा ओलुफचा नियम. सोडायची मुभा दिली तर माणूस एका झाडापाशी दिवस घालवतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

“बाबा, याला?”

“तांबडी. नुसतं उंच झालंय. मी नाही मोह धरत कुठल्या झाडाचा.”

“आणि माझं काय? त्रेपन्न पुरी झाली. आज रोप लावलं तर तोडताना त्रेसष्टची असेन.”

“घाई काय आहे, पोरी? माझ्या बाबांनी मला चाळिशीतच दिला, तरी मी घाई केली नव्हती.”

“आजोबांनी दिला कुठे? ते वारले.”

“तेच म्हणतोय. तेवढा धीर हवा.”

बिर्गिटने एक तांबडी पट्टी घेतली, तिच्यावर पेन्सिलीने काही लिहिलं, आणि ओलुफच्या कोटाच्या वरच्या काजातून ओवून घट्ट गाठ मारली. एरवी या कामाला तिला चार सेकंद लागत. या वेळी अकरा वर्षं आणि चार सेकंद लागले.

“सोड ती.”

“सोडायची नाही. नियम तुमचा.”

ओलुफनी हनुवटी छातीला टेकवून पट्टी वाचली. “दुसरा दर्जा?”

“एका अंगाने कललंय.”

“पहिला लिहायला हात दुखत होता?”

“पहिल्या दर्जाचं असतं तर वेळेवर निघालं असतं.”

(ज्या वाचकांनी घरात कुणाला ‘एवढं उरकू दे, मग बघू’ असं सांगून ठेवलंय, त्यांनी इथे आपला वरचा काज चाचपून पाहावा. पट्टी सापडली नाही तर खूश होऊ नये. पेन्सिल कुणाकडे आहे ते पाहावं.)

ओलुफ बराच वेळ गाठीशी चाळा करत राहिले. गाठ पक्की होती. बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी शेंडे मोजायची काठी, जी बिर्गिटला आजवर फक्त धुवायला मिळाली होती, तिच्यापुढे धरली.

“तिसाच्या वर जाऊ देऊ नकोस.”

“नाही जाऊ देणार.”

“एक जानेवारीपासून मळा तुझा.”