सूर्याशी भांडणारे भोईर सर

भर दुपारी कॉलेजच्या पायरीवर उभं राहून सूर्याला शिव्या घालणारा माणूस मी मुरबाडलाच पाहिला. "हा रोज करतोय, कुणाला न विचारता! आणि माझ्या कागदावर जमत नाय!"

हे भोईर सर. ते फिजिक्स शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे त्यांची पीएचडी मलाच ऐकावी लागे.

विषय असा: सूर्याच्या पोटात हेलियमची अणुकेंद्रकं एकमेकांना दूर ढकलतात. तरी एखादी जोडी चिकटतेच, आणि चिकटताना प्रकाश सोडते. हे किती वेळा घडत असेल, ते सरांना गणितानं काढायचं होतं.

"दोघं जवळच येईनात हो," ते कॅन्टीनमध्ये कपाळाला हात लावत. चहावाल्या सुमनमावशींना वाटे, कुणाचं तरी लग्न अडलंय.

"काय म्हनतात दोगं?"

"दोघंही धन आहेत, मावशी! तोच तर घोळ!"

"धन हाय, मंग आडलाय कुठं?"

सरांनी स्वतः लग्न केलं नाही. "आधी हे जुळू दे." लोडशेडिंगनं कॉम्प्युटर मरे, की गणित पुन्हा पहिल्यापासून. उत्तर आलंच, तर ते प्रयोगातल्या आकड्याच्या आसपासही फिरकत नसे. अशात नव्वदचं दशक संपलं. शेवटी त्यांनी प्रबंध दिला. परीक्षकांनी तो नाकारला.

सर कॉलेजात येईनात, म्हणून मी सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांच्या गावी गेलो. आई अंथरुणाला खिळलेली. सर तिला पेज भरवत होते.

"मास्तर, आमचा दिनू डाक्टर झाला!" म्हातारी मला म्हणाली. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"गावात पेढं वाटलंस का नाय रे?"

"आता निघतोच, आये."

ओटीवर आल्यावर ते हळूच म्हणाले, "ह्याच्यासाठीच जीव धरून बसली होती. नाय कसं म्हणू? तुमी चला संगती. एकट्याला जमायचं नाय."

आम्ही नापास झालेल्या प्रबंधाचे पेढे घरोघर वाटले. लोक पाठ थोपटत होते. एका आजीनं लगेच गुडघे पुढे केले, "बघ रे दिनू, लय दुखतात." सर खाली वाकले आणि त्यांनी गुडघे बघितले.

शेवटचं घर अगदी शेजारचं. तिथल्या काकांनी पुड्यातला एक पेढा सरांच्याच तोंडात कोंबला. सरांना तो गिळवेना. मग भिंतीपलीकडे आईला ऐकू जावं म्हणून, भरल्या तोंडानंच, ते मोठ्यानं हसले.