इमारतीला चढलेला रक्तदाब

"जगात अवघड विषय नसतो. शिकवणारा आळशी असतो!"

हे वाक्य मास्तर आल्यागेल्याला ऐकवत. कोणी विचारलेलं असो वा नसो. आणि त्यात फुशारकी असली तरी खोटं काही नव्हतं. नोकरीत असताना त्यांनी अपूर्णांक कलिंगड कापून शिकवले होते. ग्रहण शिकवायला त्यांनी एक टेबललॅम्प आणि खुद्द हेडमास्तरांचं टक्कल वापरलं होतं. हेडमास्तर आठवडाभर बोलले नाहीत, पण मुलांना ग्रहण जन्मभरासाठी कळलं!

आता मास्तर निवृत्त झाले होते. वर्ग नाही, फळा नाही, हातात खडू नाही. शिकवण्यासाठी त्यांचे हात नुसते शिवशिवत असत. बायकोला शिकवायची सोय नव्हती, कारण ती त्यांनाच शिकवत असे. उरली सून. ती डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि एका विषयात अडकली होती. माणसाच्या शरीरात रोग सुरू कुठे होतो, आणि मग या अवयवातून त्या अवयवात कसा वाढत जातो, असा तो विषय. मागच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. येत नव्हतं म्हणून नव्हे हो! पुस्तकच्या पुस्तक तिला पाठ होतं. तिने धडाधडा सगळं म्हणून दाखवलं, आणि परीक्षकांनी शांतपणे एकच शब्द विचारला.

"का?"

झालं! बाईसाहेबांचं तोंड जे मिटलं, ते घरी येऊनच उघडलं, आणि तेही रडायला.

आज दुपारी पुन्हा तीच परीक्षा होती. सकाळी स्वयंपाकघरात चहाचा कप थंड करत सून म्हणाली, "बाबा, या वेळी घसरले तर बास. मी कॉलेज सोडणार. औषधांच्या दुकानात बसेन."

"दुकानात बसून काय करशील?"

"गोळ्या देईन. गिऱ्हाईक 'का' विचारत नाही."

मास्तरांना हे पटेना. इतकी हुशार पोर, आणि एका अक्षराला घाबरून पळते आहे!

"अडतंय कुठे, ते सांग."

"बघा. मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी नळी अरुंद झाली, तर सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढतो. हे मला पाठ आहे. पण नळी चिमटली एका जागी, तर दाब सगळीकडे का वाढावा? उलट कमी व्हायला हवा ना?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. मग त्यांची नजर नळावर गेली, तिथून वर छताकडे गेली, आणि चेहरा असा उजळला की शेजारच्या वर्गातल्या जुन्या शिक्षकांनी तो पाहिला असता तर खिडक्या लावून घेतल्या असत्या.

"थांब! आलोच!"

"अहो, कुठे निघालात?" आतून बायकोचा आवाज आला. पण मास्तर जिन्यात होते.

इमारत साधीच. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर एकेक घर. गच्चीवर पाण्याची टाकी, तिला लागून दाब वाढवणारा छोटा पंप, आणि तिथून खाली उतरणारे चार पाइप, प्रत्येक घराला एक. प्रत्येक पाइपवर लोखंडी चक्राचा व्हॉल्व्ह. मास्तरांना समोर साक्षात माणसाचं शरीर उभं दिसलं! पंप म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या, आणि घरं म्हणजे अवयव. सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर ते स्वतः, म्हणजे अर्थातच मेंदू.

आता मूत्रपिंड कोण? दुसऱ्या मजल्यावर निवृत्त ऑफिसरबाई एकट्याच राहत. त्यांना पाणी लागणार ते किती! मास्तरांनी त्यांच्या पाइपचं चक्र जवळजवळ बंद होईपर्यंत फिरवलं आणि मांजराच्या पावलांनी खाली आले.

"हं, सूनबाई! दुसऱ्या मजल्याची नळी चिमटली आहे. आता आपला नळ बघत राहा."

दोघं नळ बघत राहिली. नळ नळासारखाच वाहत होता.

"बाबा, काहीच होत नाहीये."

"होईल. रोगाला वेळ द्यावा लागतो."

"मला नाही ना वेळ! ते चक्र पूर्ववत करून या, मी वाचत बसते."

मास्तर हिरमुसून गच्चीवर गेले. चक्र उलटं फिरवायला लागले, तर ते फिरेना. गंजलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. कट्ट! व्हॉल्व्ह जागचा हलला नाही, पण चक्र मात्र अलगद त्यांच्या हातात आलं, जणू पिकलेलं फळच!

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मास्तरांनी चक्र सदऱ्याखाली सारलं, विजारीच्या नाडीत खोचलं आणि आकाशाकडे बघायला लागले.

आले तळमजल्यावरचे सेक्रेटरी. हा माणूस विचार करायच्या आधी कामाला लागे.

"मास्तर! तुम्ही इथे?"

"जरा हवा खातोय."

"बाईंचा फोन! नळाला धार नाही म्हणतात. दाब कमी झालाय, दुसरं काय!" असं म्हणत त्यांनी पंपाचं बटण फिरवून दाब वाढवलासुद्धा.

खरं काय ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागच्याच बैठकीत एक ठराव झाला होता. गच्चीवरच्या कोणत्याही वस्तूला परस्पर हात लावणाऱ्याने सर्वांसमक्ष माफी मागावी. ठराव एकमताने मंजूर झाला होता, आणि मांडला होता मास्तरांनी. शिस्तीवर एक लांबलचक भाषण ठोकून! ते मुकाट्याने पोट सावरत खाली उतरले.

आणि मग इमारत आजारी पडायला लागली.

व्हॉल्व्ह अडकलेला, त्यामुळे ऑफिसरबाईंच्या नळाची धार केसाएवढी ती केसाएवढीच. बाईंना वाटलं, पाणी संपत चाललं. त्यांनी घरातले सगळे नळ सोडले आणि मिळेल ते भरायला घेतलं. बादल्या भरल्या, पातेली भरली, फुलदाण्या भरल्या, शेवटी पावसाळी बूटसुद्धा भरले! आणि पुन्हा सेक्रेटरींना फोन. "पाणी नाहीये! ऐकू येतंय का? पाणी नाहीये!" सेक्रेटरींनी वर जाऊन दाब आणखी वाढवला.

पहिल्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानाचे मालक राहत. अत्यंत सौम्य माणूस. दाढी करताना त्यांनी नळ सोडला, आणि त्यांच्या गालावरचा साबण उडून समोरच्या आरशावर गेला! त्यांनी कोणाला दोष दिला नाही. चष्मा पुसला, आणि आपल्या घरात येणारं पाणी मुख्य नळाशी गुपचूप आवळून टाकलं. सेक्रेटरींच्या घरीही तोच प्रकार झाला, त्यांच्या बायकोनेही नळ आवळला. आता मोकळी वाट एकच राहिली, तिसऱ्या मजल्याची. सगळा जोर निघाला मेंदूकडे!

मेंदू त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात पोट धरून उभा होता.

"अहो, पोट का धरलंय?" बायकोने विचारलं.

"गॅस झालाय."

"गॅसला असे कोपरे असतात?"

"मोठा आहे गं!"

बायको पुढे काही बोलणार, एवढ्यात सिंकखालची नळी फाटली. फाट्‌कन! पाण्याचा असा फवारा उडाला की बायको, भाजी, डबे आणि भिंतीवरचं घड्याळ एका क्षणात न्हाऊन निघालं.

"बाबा!" सून पुस्तक छातीशी धरून ओरडली. "मेंदूत रक्तस्राव!"

"अगं, कुणाच्या?" बायको किंचाळली आणि आधी मास्तरांचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं.

सिंकखाली वाकून सुनेने घराचा मुख्य नळ बंद केला. पण तोवर पाणी जिन्याने उतरत खाली पोहोचलं होतं, आणि पाण्याच्या उलट दिशेने सगळी इमारत वर आली होती. ऑफिसरबाई, अर्ध्या गालाला साबण असलेले चष्मेवाले, सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात कोण काय बोलतंय ते कळेना.

"मला पाणी नाही आणि यांच्या जिन्यात नदी!"

"बाई, मी दोनदा दाब वाढवला!"

"तुम्ही वाढवलात? म्हणजे माझा साबण तुम्ही उडवलात!"

"मी तर माझं काम केलं!"

"मग मी काय वेगळं केलं?"

सून ओल्या केसांनी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे बारीक झाले.

"एक मिनिट," ती म्हणाली. "सगळ्यात आधी त्रास कोणाला झाला?"

"मला," ऑफिसरबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"भरून ठेवलं जमेल तेवढं. आणि दाब वाढवायला सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? सगळ्या इमारतीचं पाणी गेलं असं वाटलं म्हणून!"

"आणि काका, तुम्ही नळ आवळलात. का?"

"अहो, फार जोरात येत होतं ना," चष्मेवाले ओशाळून म्हणाले.

सून टाळी वाजवून चक्क उडी मारायला लागली. पाण्यात छपक छपक! "बाबा, कळलं! कोणीच वेडेपणा केला नाही! मूत्रपिंडाला पाणी कमी पडलं, त्याला वाटलं सगळं शरीरच कोरडं पडतंय. म्हणून ते पाणी साठवतं आणि दाब वाढवायचा निरोप धाडतं. हृदय इमानदारीने जोर लावतं. नळ्या आवळतात. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणाच आहे, आणि सगळ्यांच्या शहाणपणाने मिळून मेंदूतली नळी फुटते!"

"हृदय कोण?" सेक्रेटरींनी संशयाने विचारलं.

"तुम्ही."

सेक्रेटरी एकदम खूष झाले.

"पण मग पहिली नळी चिमटली कशाने?" असं पुटपुटत सुनेची नजर फिरत फिरत सासऱ्यांच्या पोटावर येऊन थांबली. "बाबा, जरा इकडे या."

"मला काही झालेलं नाही."

"पेशंट असंच म्हणतात." तिने सदऱ्यावरून दोन बोटं दाबली. "कडक आहे. गोल आहे. मधोमध भोक आहे. आई, हा अवयव पुस्तकात नाही."

बायकोने सदरा वर केला. चक्र टणकन खाली पडलं आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत थेट दुसऱ्या मजल्यावर जाऊन थांबलं, ऑफिसरबाईंच्या दारात.

सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, तो ठराव मांडला कोणी होता?"

"मीच," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "मी चुकलो. सर्वांची माफी मागतो. पण ठराव मात्र चांगला आहे हं. आता तर अनुभवाने सांगतो!"

चष्मेवाल्यांना हसू फुटलं, आणि मग कोणालाच रागावता येईना. ऑफिसरबाईंनी तेवढं विचारून घेतलं, "मला मूत्रपिंड कोणी ठरवलं?" तेव्हा मास्तर चक्र उचलायला जिना उतरायला लागले होते.

सेक्रेटरी पाना आणायला धावले. पण सुनेने त्यांना गच्चीत आधी पंपाचा दाब उतरवायला लावला. "फुटलेल्या ठिकाणी चिंध्या बांधत बसायचं नाही. आधी दाब, मग मूळ." तिने स्वतः व्हॉल्व्हचा दांडा पान्यात पकडून सोडवला. खालून ऑफिसरबाईंची आरोळी आली, "आलं! आलं! आता बंद करा, बूट वाहायला लागले!"

कपडे बदलून सून परीक्षेला गेली. केस अजून ओलेच होते. मास्तर घरी फरशी पुसत राहिले. फरशी कोरडी झाली तरी पुसतच राहिले. पोरीची सकाळ आपण खाल्ली, हे त्यांना आता उमगत होतं. नापास झाली तर? औषधाच्या दुकानात पांढऱ्या कोटातली सून त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"किती घासाल? फरशीला भोक पडेल," बायको म्हणाली. पण तिचंही लक्ष दाराकडेच होतं.

संध्याकाळी सून आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मूत्रपिंडाचं विचारलं?" मास्तरांनी दारातच विचारलं.

"नाही. फुफ्फुसाचं. फुफ्फुसाच्या जुन्या दुखण्यात पाय का सुजतात? मला पाठच नव्हतं."

मास्तरांनी पुन्हा फरशीचं फडकं उचललं.

"मग मी डोळे मिटले आणि आपला जिना आठवला. आधी त्रास कोणाला? फुफ्फुसाला. ते बिचारं काय करतं? आपल्या नळ्या आवळतं. भार कोणावर? हृदयाच्या उजव्या बाजूवर. ती थकली की मागे काय तुंबतं? असं करत करत गेले पायापर्यंत! परीक्षक 'का' म्हणायचे, मी सांगायचे. पुन्हा 'का', पुन्हा सांगायचे. शेवटी त्यांचेच 'का' संपले. म्हणाले, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत? मी म्हटलं, जिन्यात."

"म्हणजे?"

"पास, बाबा! पास!"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग हळूहळू त्यांची छाती फुगायला लागली. "मी काय म्हणतो नेहमी? अवघड विषय नसतो! बरं, पुढे काय आहे तुला?"

"मज्जासंस्था. मेंदूकडून निरोप जातात, तारांमधून गेल्यासारखे, तो भाग."

"तारांमधून!" मास्तर उठून उभेच राहिले. "थांब! आलोच!"

ते तळमजल्यावर गेले आणि तसेच परत आले, पाय आपटत.

"विजेच्या मीटरच्या पेटीला नवंकोरं कुलूप! एकदा काय चूक झाली, तर सेक्रेटरींचा माझ्यावर एवढाही विश्वास राहिला नाही?"

बायको भिजलेले डबे पुसत होती. तिने मानही वर केली नाही.

"त्यांचा आहे हो. कुलूप मी लावलंय."