कोरी ओळ आणि तहानलेला सिंह

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा एकच होता आणि त्याची एक्सेल फाइलही एकच होती. चुळबुळ नको, नीट बसा रे.

उन्हाळा कडक होता. फाइलमध्ये नाव असेल त्यालाच पाणी, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता. हुकमाखाली त्यांच्या पंजाचा ठसासुद्धा होता.

पण फाइल म्हणजे नुसता उकिरडा! एकाच रकान्याला कुणी 'नाव' म्हणे, कुणी 'कोण आहे'. म्हशीनं तर 'इथे लिहा' असा मथळा दिला होता. तारखेच्या जागी माकडानं 'काल' लिहिलं होतं. कोणतं काल, ते त्यालाही आठवत नव्हतं.

तेव्हा शहरातून कोडिंग शिकून आलेलं मुंगूस पुढे झालं.

"महाराज, हातानं कशाला? कोड लिहितो. चुटकीसरशी फाइल लख्ख!"

"होऊन जाऊ दे!" महाराज म्हणाले.

कोड चालला. मथळे एकसारखे झाले. तारखा सरळ झाल्या. ज्या ओळीत नाव नाही, ती ओळ उडाली. अशी ओळ एकच होती.

कोणाची? अरे, सिंहाची! त्या जंगलात राजाचं नाव घ्यायची पद्धतच नव्हती. घेतलं तर जीभ झडते म्हणे. म्हणून सगळे आदरानं ती जागा कोरी ठेवायचे. ओळ गेली, पण तिच्यातलं 'राजा' हे पद उरलं. कोडनं ते वरच्या ओळीत सरकवलं. वरच्या ओळीत गाढव होतं.

दुपारी सिंह तहानेनं कासावीस होऊन पाणवठ्यावर आला. वाटेत रानडुक्कर फाइल उघडून बसलं होतं.

"नाव?"

"डुकरा, मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो हो. फाइल ओळखत नाही."

"फाडून खाईन!"

"खा, महाराज. पण मग नोंद कोण करणार? नियमावर पंजा तुमचाच आहे."

सिंहाचा घसा सुकला होता. त्यानं मुंगसाला बोलावलं.

"सोपं आहे," मुंगूस म्हणालं. "नाव सांगा, ओळ परत घालतो."

सिंहानं डोकं खाजवलं. बिचाऱ्याला जन्मात कुणी नावानं हाक मारली नव्हती. त्यानं सिंहिणीला विचारलं.

"इश्श! मी कशी घेऊ? मी तर 'अहो'च म्हणते."

तेवढ्यात गाढव पोटभर पाणी पिऊन परतलं. सगळ्यांनी त्याला वाकून मुजरा केला.

"एक जागा आहे," मुंगूस हळूच म्हणालं. "फाइलमध्ये गाढव आता राजा झालं. गाढवाची जागा मोकळीच आहे."

सिंहानं पाण्याकडे पाहिलं. मान खाली घातली. "लिही," तो म्हणाला.

"एकदा ओरडून दाखवा," डुक्कर म्हणालं. "पडताळणी करावी लागते."

आणि मुलांनो, भर दुपारी, सगळ्या जंगलासमोर, सिंह रेकला. त्याला लगेच पाणी मिळालं.

तात्पर्य : वेळ पडली तर सिंहानंही रेकायला शिकावं, पण फाइलला नावं ठेवू नयेत. बघा तरी, किती नीटनेटकी दिसते!