पाळण्यातली काठी

"काठी गाडीत आहे," असं ब्रॅन्सनने मामाला सांगितलं. गाडीत काठी होती हे खरं, पण ती प्लास्टिकची. वेंडेलमामाने हिकरीचं लाकूड वाफवून, वाकवून, सुकवून त्याच्यासाठी केलेली काठी शहरात होती. ज्या संघाकडून तो लॅक्रोस, हा जाळीदार काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, व्यावसायिक म्हणून खेळायचा, त्याच्या कचेरीत, काचेच्या कपाटात, खाली त्याचा हसरा फोटो. मागणाऱ्याने एकदाच मागितली आणि याने दिली. 'विचार करून सांगतो' म्हणण्याचा खर्चही केला नाही.

आज रविवार, कचेरी बंद. आणि आजच ओनोंडागा या त्यांच्या आदिवासी वस्तीत मामासाठी खेळ मांडला होता. मामाने अंथरूण धरलं होतं. हसणं तर त्याआधीच थांबलं होतं. अशा दुखण्यावर गावातले पुरुष लॅक्रोस खेळतात. जिंकायला नव्हे, रोग्याला उभारी यावी म्हणून. त्यात लाकडीच काठी लागते.

"आण की मग," मामा म्हणाला. "जाळीची वादी सैल झाली असेल. ओढून देतो."

"किल्ली सापडत नाहीये, मामा."

"एवढंच ना?" मामेभाऊ हार्लन उठलाच. "तारेने उघडतो."

"राहू दे रे, काच फुटेल!"

"दादा, गॅरेज चालवतो मी. फुटली तर बसवूनही देईन."

अंगणापलीकडच्या मैदानावरचे सगळे आपापल्या काठ्या घेऊन गाडीभोवती जमले. मामालाही खुर्चीसकट अंगणात आणलं. ब्रॅन्सनला दरदरून घाम फुटला. पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर किल्ली खणकन खाली पडली. त्याच क्षणी हार्लनने दार उघडलं. आत भडक नारिंगी प्लास्टिक.

"ही कुठल्या झाडाची रे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

ब्रॅन्सनने मान खाली घालून कपाटाचं सगळं सांगून टाकलं.

"आम्ही बायका काठीला शिवत नाही," अर्लीनमामी म्हणाली, "नाहीतर आज तुझ्या पाठीसाठी एक उचलली असती."

मामा शांत होता. "हार्लन, माझ्या उशाशी आहे ती दे त्याला. लाकडी आहे."

ती ब्रॅन्सनच्या जन्मानंतर मामाने त्याच्या पाळण्यात ठेवलेली काठी होती. हातभरसुद्धा नव्हती. ती घेऊन हा सहा फुटी खेळाडू मैदानभर ओणवा धावला. सत्तरीतला म्हातारा त्याच्या नाकाखालून चेंडू उचलून, "बसा, साहेब, दमलात!" म्हणून निघून गेला. पाठलाग करताना ब्रॅन्सन कोलांटी खाऊन थेट मामाच्या पायांशी आला.

मामा आधी खोकला. मग हसला. मग पोट धरून हसला आणि मक्याचं सूप मागितलं. मामी डोळे पुसत आत पळाली.

खेळ संपल्यावर ब्रॅन्सन काठी परत द्यायला आला. "मामा, कपाटातली काठी उद्याच घेऊन येतो," तो पुटपुटला. मग त्याची नजर हातातल्या काठीच्या जाळीवर गेली. वादी कोरी करकरीत होती. लाकडाला ताज्या तेलाचा वास होता.

"ही तू आत्ताच विणलीस? तुला ठाऊक होतं?"

"अंथरूण धरायच्या आधी हार्लनने मला तुझा सामना बघायला नेलं होतं," मामा म्हणाला. "तिकडे कचेरीत बराच वेळ बसवलं होतं."

ब्रॅन्सनला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मामाने सुपाचा घोट घेतला.

"काच मात्र लख्ख ठेवतात हं."