सपाट वाटांच्या कुमुदताई

कुमुदताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात चहाने काठोकाठ भरलेला कप होता, कपाखाली बशी होती, आणि त्या उघड्या माळावरून चालल्या होत्या. सकाळचे साडेसहा वाजले होते. आसपास घर नाही, टपरी नाही, माणूस नाही. पासष्टीची बाई, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि नजर कपावर. बरं, चहा पीतही नव्हत्या. नुसता नेत होत्या.

कर्जतला राहायला येऊन आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या आईला, चारच दिवस झाले होते. मी गॅलरीत थिजून उभी राहिले. तेवढ्यात कडावहून दूध घेऊन येणारे गणपतमामा जिना चढून आले. मी त्यांना बोट करून दाखवलं.

"ती व्हय? घाबरू नका ताई," ते किटली खाली ठेवत म्हणाले. "वाट तपासतात त्या. चाय सांडली तं वाट नापास."

"चहाने वाट तपासतात?"

"मी पन पयल्यांदा म्हनलं, बाई येडी हाय काय? पन नाय. मास्तरीण होती."

आमची इमारत गावाच्या अगदी कडेला. मागे माळ, माळ संपतो तिथे अभयारण्याची हद्द सांगणारा वनखात्याचा पिवळा फलक आणि फलकामागे जंगल. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर कुमुदताई एकट्या राहत. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी या माळावर सहा वाटा आखल्या होत्या. दगडांवर चुन्याचे ठिपके, वाटेतले काटे काढलेले, खड्डे बुजवलेले. वाटांचे प्रकार दोन. चहा कपातच राहिला तर ती 'कपाची वाट', बशीत सांडला तर 'बशीची वाट'. साडीवर सांडला की वाट बाद.

या सगळ्या वाटांत मिळून चढ म्हणावा असा एकही नव्हता. कर्जतसारख्या गावात, जिथे मान वर केली की डोंगर दिसतो, तिथे या बाईंचं चढाशी उभं वैर. कोणी गडाचं नाव काढलं की त्या कपाळाला आठ्या घालून म्हणत, "चढायचं? कशाला? वर काय ठेवलंय?"

एका रविवारी पाठीवर पिशव्या लावलेली मुंबईची चार मुलं-मुली त्यांना गडाची वाट विचारायला आली. कुमुदताईंनी अत्यंत गोड आवाजात "या, दाखवते" म्हटलं आणि त्यांना थेट माळावर आणलं. तिथे चंडोल गात होता. चौघांना गवतात पालथं झोपायला लावून दोन तास त्यांनी तो ऐकवला. ऊन चढलं, गड राहिला. मी गॅलरीतून हे सगळं बघत होते. आता भांडण होणार म्हणून माझा जीव वर-खाली होत होता, तर ती मुलं जाताना त्यांच्या पाया पडली! मी तोंडाचा आ वासून उभी.

दुसऱ्या एका सकाळी त्यांनी एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अठरा माणसांना वाटेत अर्धा तास उभं केलं होतं. का, तर टिटवीने वाटेच्या मधोमध चार अंडी घातली होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, एका बाजूने जातो की आम्ही."

"ती बसलीय ना अंड्यांवर? तुम्ही कडेने गेलात तरी ती उठणार. वळसा घ्या."

"अहो, गुडघे दुखतात आमचे."

"तिचे दुखत नसतील कशावरून?"

अठराच्या अठरा जण वळसा घालून गेले.

आणि तो पिवळा फलक आला की त्या दोन्ही हात पसरून सगळ्यांना थांबवत. "बास. इथून पुढे त्यांचं घर. भेकरं आहेत, रानडुकरं आहेत, ससे आहेत. बेल न वाजवता शिरतो का आपण कोणाच्या घरात?"

मला त्यांची गंमत वाटायची, थोडी भीतीही. मी शिळफाट्याजवळ एका शाळेत ग्रंथपाल आहे. सकाळी निघते, संध्याकाळी येते. आईचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. डॉक्टर सांगून थकले, चालवा त्यांना. पण सात महिने आई पलंग ते न्हाणीघर यापलीकडे गेली नव्हती. गॅलरीतसुद्धा येत नसे. "मला काय करायचंय आता बाहेर?" एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. पूर्वी अखंड बोलणारी बाई, ती आता मी विचारलं तरच बोले. मी तिच्या आवडीच्या भाज्या करून पाहिल्या, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं.

आणि मग तो शनिवार आला. संध्याकाळी साडेपाचला मी घरी पोचले तर दार नुसतं ओढून घेतलेलं. आत गेले. पलंग रिकामा. न्हाणीघर रिकामं. स्वयंपाकघर रिकामं. आईचा वॉकर नाही.

जिन्यावरून पडली असेल, कोणीतरी उचलून दवाखान्यात नेलं असेल. काय काय डोळ्यांपुढे आलं ते सांगत नाही. फोन करायला म्हणून गॅलरीत आले आणि समोर पाहिलं.

माळावर दोन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या चालल्या होत्या.

म्हणजे असं, की एक खुर्ची पुढे दहा पावलांवर ठेवलेली. तिच्या दिशेने वॉकर टेकत टेकत माझी आई. ती पोचली, बसली, की कुमुदताई मागची खुर्ची उचलायच्या आणि पुढे दहा पावलांवर नेऊन ठेवायच्या. मग आई पुन्हा उठायची. अशा त्या दोघी इमारतीपासून चांगल्या लांब गेल्या होत्या.

मी चपला न घालता धावले.

पोचले तेव्हा दोघी शेजारी शेजारी बसून गवतात काहीतरी बघत होत्या. माझ्या तोंडून जे निघालं ते अजून आठवलं की लाज वाटते. "कोणी अधिकार दिला तुम्हाला? आई पडली असती तर? भेकराच्या घरात जाताना बेल आठवते तुम्हाला, आणि माझ्या घरातून माझी आई उचलून नेताना नाही आठवली?"

कुमुदताई उठून उभ्या राहिल्या. एरवी अठरा जणांना वळसा घालायला लावणाऱ्या त्या बाईंनी मान खाली घातली.

"शू!" आई म्हणाली. "पिल्लं बुजतील."

मी पाहिलं. टिटवीची चार पिल्लं, लिंबाएवढी, काडीसारख्या पायांवर धावत होती. आई त्यांच्याकडे बघत हसत होती. सात महिन्यांनी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बेल वाजवली होती तिने. मीच दार उघडलं. दहा मिनिटं लागली मला दारापर्यंत यायला, आणि अर्धा तास पायरी-पायरीवर बसत जिना उतरायला. ती थांबली."

रात्रीच्या जेवणाआधी मी माफी मागायला कुमुदताईंकडे गेले. दार उघडंच होतं. एका माणसाचं घर, लख्ख आवरलेलं. भिंतीवर एकच फोटो. एका सरळसोट कड्याच्या टोकावर, कमरेला दोर बांधलेली, वीस-बावीस वर्षांची मुलगी हात वर करून हसत होती.

"ही कोण?"

"मी."

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय.

"तेरा वर्षं चढले," त्या म्हणाल्या. "एक रविवार सोडला नाही. आई घरी असायची. संधिवाताने बोटंसुद्धा वळलेली तिची. मला म्हणायची, एकदा मला मागच्या माळापर्यंत ने गं. मी म्हणायचे, माळावर काय बघायचंय आई? नुसतं सपाट तर आहे."



"मग?"

"मग काही नाही. गेली ती." त्यांनी टेबलावरचं नसलेलं काहीतरी पुसलं. "रागावलीस ते बरोबरच होतं तुझं. गणपतमामांकडून कळलं होतं मला त्यांचं, पण मी तुला आधी विचारायला हवं होतं. उद्या नेऊ का त्यांना? विचारतेय."

मी होकारार्थी मान हलवली.

रविवारी मला जाग आली ती खडखडाटाने. आई कपाटातली साडी काढत होती. सात महिन्यांत तिने पहिल्यांदा स्वतःचे केस स्वतः विंचरले होते.

त्या दिवशी खुर्च्या मी उचलल्या. आई दहा पावलं चालायची, बसायची. कुमुदताईंच्या अंगात उत्साह मावत नव्हता. पुढची वाट ठीक आहे ना हे बघायला त्या मोकळ्या दगडांवरून तुरुतुरु निघाल्या, तशी आई खुर्चीतून ओरडली,

"अगं कुमुद, हळू! पडशील ना!"

कुमुदताई होत्या तिथे थांबल्या. आमच्याकडे पाठ करून, एक हात हवेत तसाच. मला वाटलं, साप दिसला. मी खुर्ची टाकून पुढे गेले. साप नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"काय झालं ताई?"

"काही नाही गं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "ताई म्हणतात, काकू म्हणतात, मॅडम म्हणतात. 'अगं' म्हणणारं कोणी राहिलंच नव्हतं."

आईला हे ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. तिने आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे हात केला.

"अगं, उभी काय राहिलीस? बस की जरा."

मी दुसरी खुर्ची आईच्या शेजारी लावली. कुमुदताई येऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही पुढे गेलोच नाही.